नऊ फूट आठ इंच

नाना,

गेल्या सोमवारी तुमची फाईल माझ्या टेबलावर आली. वेष्टन नवं, शिक्का नव्या राज्याचा, नंबरही नवा. आतले कागद मात्र तेच, कडेनं पिवळे पडलेले आणि टाचणीच्या गंजाचे डाग धरलेले. वर साहेबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘अर्जदार मयत असल्याचे कळते. तशी नोंद करून प्रकरण बंद करावे.’ नोंद करायची ती मीच. घरबांधणीच्या परवानग्या बघणारा दफ्तरात सध्या मी एकटा आहे, आणि अर्जदार मयत आहे हे माझ्याइतकं पक्कं तिथे दुसऱ्या कुणाला माहीत नाही. खांदा मी दिलाय.

एक ओळ लिहायची आणि फाईल बांधून कपाटात टाकायची. पाच मिनिटांचं काम. तीन दिवस मी ते केलं नाही. त्या ओळीच्या आधी मला दुसरी एक ओळ लिहायची होती. ती लिहायला मला सात वर्षं उशीर झालेला आहे आणि ती वाचायला तुम्ही नाही, तरीही लिहायची होती.

मी तुमच्या हाताखाली आलो तेव्हा मला टेप सरळ धरता येत नव्हता. ग्वाल्हेर दरबारचा अंमल होता. तुम्ही नक्शानवीस, आणि मी मॅट्रिक होऊन चिकटलेला उमेदवार. तुमच्या मोजणीची पद्धत अशी, की दफ्तरातले सगळे मागून तिची नक्कल करायचे. टेपचं एक टोक शिपायाकडे, दुसरं माझ्याकडे, आणि तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे. मी आकडा मोठ्यानं वाचायचा. तुम्ही आधी टेपकडे बघायचात, मग माझ्याकडे, आणि मग म्हणायचात, “लिही.” तुमचं ‘लिही’ येईपर्यंत पेन्सिल कागदाला लावायची नाही. आकडा चुकला असला तर तुम्ही तसं कधी सांगितलं नाहीत, नुसते गप्प राहायचात. मग मी पुन्हा मोजायचो. फ्रीगंजातल्या एका भिंतीसाठी तुम्ही मला अशा गप्प राहण्यानं पाच वेळा मोजायला लावलंत. घरमालकानं तेवढ्यात दोनदा चहा पाजला आणि तिसऱ्यांदा विचारलं की बाबूजी नाराज तर नाहीत ना. पाचव्या खेपेला माझा आकडा बरोबर आला आणि तुम्ही ‘लिही’ म्हणालात, तेव्हा मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं होतं. घरी जाऊन आईला सांगितलं. तिला काही कळलं नाही.

तुमचा दुसराही एक नियम होता. ज्याचं घर, त्यानं टेपला हात लावायचा नाही आणि माप चालू असताना तोंड उघडायचं नाही. कितीही मोठा माणूस असो. एका जहागीरदारांना तुम्ही त्यांच्याच अंगणात बाजूला उभं केलं होतंत, तेही इतक्या अदबीनं की त्यांना तो मान वाटला.

माधवनगरचे प्लॉट पडले तेव्हा तुम्ही विशीत होतात. पूर्ण वस्तीच्या नकाशावर शाई फिरवली ती तुम्ही. प्रत्येक घरासमोर दहा फूट जागा मोकळी सोडायची, तिथे काही बांधायचं नाही. ती हद्द दाखवणारी लाल रेघ तुमच्या हातची. घरात उजेड यावा, आणि रस्त्यानं जाणाऱ्याच्या अंगावर कुणाच्या घराची सावली पडू नये, एवढंच त्यामागे होतं असं तुम्ही सांगायचात. पुढे त्याच वस्तीत तुम्ही घर बांधलंत. वर दोन खोल्या, खाली दोन, मधे अठरा पायऱ्यांचा वळणाचा जिना. जोत्यावर तुम्ही दगडी पट्टी बसवून घेतली होतीत, भिंतीच्या चार इंच पुढे आलेली, पावसाचं पाणी भिंतीत मुरू नये म्हणून. आसपासच्या कुठल्या घराला तशी पट्टी नव्हती. मी तेव्हा विचारलं होतं की हे कशाला. तुम्ही म्हणालात, पन्नास वर्षांनी कळेल.

इतका वेळ लागला नाही.

फाळणीनंतर लीलाराम आला, बायको आणि आंधळी आई घेऊन. सिंधमधून निघालेलं कुटुंब, स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत पडलेलं. तुम्ही त्याला खालच्या दोन्ही खोल्या दिल्यात आणि काकूंना घेऊन वर राहायला गेलात. तेव्हा तुमची तब्येत ठणठणीत होती. पहाटे उठून रामघाटावर चालत जायचात आणि आंघोळ करून चालत परत यायचात. दोन-तीन वर्षांतच दमा उपटला आणि त्यानं छातीही पकडली. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. लीलाराम त्याच दिवशी हात जोडून वर आला, “बाबूजी, आप नीचे आ जाओ, हम ऊपर चले जाते हैं.” तुम्ही त्याला विचारलंत की आंधळी आई रोज अठरा पायऱ्या कशी उतरणार. मग तुम्ही म्हणालात की त्यात काय एवढं, समोरच्या मोकळ्या जागेत एक खोली काढतो, आठ फूट बाय बारा, खाट आणि खुर्ची मावली म्हणजे झालं. नियमात सवलतीची तरतूद आहे, रीतसर अर्जी लावू.

तुमच्याच लाल रेघेच्या आत बांधायला तुम्ही परवानगी मागणार होतात. मी हसलो. तुम्हीही हसलात. दोघांनाही वाटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे.

सवलतीला एक अट होती. मागणाऱ्यानं मूळ नियम स्वतः पुरता पाळलेला पाहिजे. ज्याच्या दारात आधीच दहा फूट भरत नाहीत, त्याचा अर्ज विचारात घ्यायचा नाही. तुम्ही निवृत्त झालेले होतात, मी तुमच्या जागी मोजणी करत होतो. दरबारचं राज्य नव्या मध्य भारतात विलीन झालेलं, आणि आम्हा जुन्या नोकरांची छाननी सुरू होती. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं याची यादी बनत होती. त्यासाठी ग्वाल्हेरहून एक अधिकारी आले होते. ते प्रत्येकाचं काम जागेवर जाऊन बघत. माझं काम बघण्यासाठी त्यांनी जी फाईल उचलली, ती तुमची निघाली.

बांधकाम कुठे येणार हे जमिनीवर चुन्यानं आखून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. बाकीचे लोक मजूर लावून चार वाकड्या रेघा ओढतात. तुम्ही सुतळी लावून, ओळंबा धरून फक्की टाकली होतीत. दाराची जागासुद्धा मोकळी सोडली होतीत, तीन फुटांची. आम्ही आलो तेव्हा तुम्ही त्या दारातून आत जाऊन त्या चुन्याच्या खोलीत उभे राहिलात, हात पाठीमागे बांधून.

आता त्या दिवसाचं बोलतो, नाना. शिपायानं टेपचं टोक धरलं. अधिकारी माझ्या खांद्याशी उभे होते. तुम्ही माझे गुरू आहात हे दफ्तरातल्या कुणीतरी त्यांना सांगून ठेवलेलं होतं, आणि ते मला माहीत होतं. माझ्या डोक्यात एकच होतं, वसंतानं गुरूला झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको. शिपाई टोक भिंतीला लावायला गेला. मी त्याला थांबवलं आणि सांगितलं, पट्टीला लाव, ती सगळ्यात पुढे आहे. तिथपासून रस्त्याच्या कडेपर्यंत मी माप घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, “नऊ फूट आठ इंच.”

आणि सवयीनं तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही गप्प होतात. मी टेप सोडला नाही. मला वाटलं, आता पुन्हा मोजायला लागणार. अधिकारी एकदा तुमच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. मग तुम्ही म्हणालात, “लिही.”

मी लिहिलं.

अधिकाऱ्यांनी जागेवरच माझी पाठ थोपटली. ज्याच्याकडे शिकला त्याच्या घराचंही माप चार इंच कमी लिहायला हा कचरत नाही, असला माणूस पाहिजे, असं ते म्हणाले आणि माझ्या नोकरीच्या पुस्तकात त्यांनी तसा शेराही मारला. दोन महिन्यांनी यादी लागली. माझं नाव कायम झालेल्यांत होतं. माझ्याबरोबरचे दोघं घरी गेले. मी टावर चौकातून पेढे घेतले आणि सगळ्यांत आधी तुमच्याकडे आलो. तुम्ही पेढा अर्धा करून काकूंना दिलात, अर्धा स्वतः खाल्लात, आणि म्हणालात की आता टेपची धूळ रोज पुसत जा, कडी गंजते.

तुमचा अर्ज त्याच आठवड्यात नामंजूर झाला होता. ‘मूळ नियमाचे पालन नाही.’ त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, आणि मीही नाही.

मग सुरू झाली ती फाईलची वणवण. तुम्ही अपील केलंत. मध्य भारताला दोन राजधान्या होत्या, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. फाईल ग्वाल्हेरला पोचायची तोवर वरचं कार्यालय ट्रंका बांधून इंदूरला गेलेलं असायचं. ती इंदूरला यायची तोवर ते परत निघायचं. आपण दोघं त्यावर खूप हसलो आहोत. तुमचा दमा हसण्यानं चाळवायचा आणि काकू मला डोळ्यांनी दटावायच्या. दोनदा फेरपाहणीचा हुकूम आला. दोन्ही वेळा तुम्ही खाली उतरून, दर तीन पायऱ्यांवर बसत, स्वतः फक्की टाकलीत. दोन्ही वेळा नव्या माणसानं जुन्या पाहणीचा आकडा बघितला, ‘स्थिती पूर्ववत्’ असं लिहिलं आणि तो निघून गेला. टेप कुणी काढलाच नाही. माझा आकडा इतका विश्वासाचा ठरला होता.

आपली भांडणं त्या काळातली. मी म्हणायचो, नाना, टावर चौकात जाऊन बघा, निम्म्या लोकांनी रेघेच्या पुढे दुकानं काढलीत, कुणी कुणाला विचारलेलं नाही. चार गवंडी बोलावतो, आठ दिवसांत खोली उभी राहील. नोटीस आली तर ती माझ्याच टेबलावर येईल. तुम्ही ऐकून घ्यायचात. एकदाच चिडलात. म्हणालात, “त्यांनी रेघ ओढली नव्हती, वसंता. मी ओढली होती.” मी म्हणालो की रेघेसाठी माणूस मरू द्यायचा का. तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत. ते भांडण तसंच राहिलं. त्यानंतरही मी दर रविवारी येत होतो, पण तो विषय दोघांनीही टाळला.

शेवटची दोन वर्षं तुम्ही खाली उतरला नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचात. रामघाट बंद झाला म्हणून मी रविवारी तांब्याभर क्षिप्रेचं पाणी आणायचो. तुम्ही ते डोक्याला लावायचात आणि विचारायचात, घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली आहेत. देवाबद्दल एकदाही विचारलं नाहीत. सुरुवातीला मी अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायचो. तुम्ही गप्प राहायचात. मग मी खरोखर मोजून यायला लागलो.

खाली लीलारामची आई हिवाळ्याच्या उन्हात तुमच्या चुन्याच्या खोलीत बसायची. तिला रेघ दिसत नव्हती, पण सून तिला हाताला धरून दाराच्या जागेतूनच आत न्यायची. ‘नाना की कोठरी’ असं त्या घरात त्या जागेचं नाव पडलं होतं. तुम्ही वरून बघायचात. एकदा मला म्हणालात की खोलीत उजेड चांगला येतो.

गेल्या वर्षी मध्य भारतही मोडला आणि राजधानी भोपाळला गेली. तिथून पत्र आलं की प्रलंबित अर्जांची नव्यानं पाहणी व्हावी. चौथ्यांदा फक्की पडली. या वेळी ती लीलारामनं टाकली आणि तुम्ही गॅलरीतून सांगत होतात, डावीकडे दोन बोटं, आता बस. पाहणीला यायचा माणूस आलाच नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्हाला खाली आणणं अवघड गेलं. वळणावर तिरडी बसेना. शेवटी चादरीत घालून, मी पायांकडून आणि लीलाराम डोक्याकडून, असं आम्ही तुम्हाला एकेका पायरीनं उतरवलं. तिरडी समोर मोकळ्या जागेत बांधली. चुना पुसट झाला होता पण दिसत होता. तुम्ही बरोबर त्या आठ बाय बारात होतात. ज्या खोलीसाठी सात वर्षं अर्ज केलेत तिथे तुम्ही अर्धा तास राहिलात, नाना. उचलल्यावर पुढचे दोघं सरळ रस्त्याकडे निघाले, तसा लीलाराम आडवा आला. रडत होता, पण आवाज पक्का होता. “उधर से नहीं. बाबूजी को दरवाज़े से निकालो.” आणि आम्ही वळून, त्या तीन फुटांच्या जागेतून, एकामागे एक होऊन तुम्हाला बाहेर नेलं. चक्रतीर्थाच्या स्मशानापर्यंत मला दुसरं काही आठवत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मला वर बोलावलं. तुमची नकाशांची पेटी उघडून त्यांनी घडी घातलेला एक कागद माझ्या हातात दिला. तुमचं अक्षर, ठळक आणि सरळ. अर्ज होता. न पाठवलेला. ‘मोकळी जागा भिंतीपासून मोजावी, जोत्यावरील पट्टी धरू नये, असा मूळ नियम आहे. नियमांचे जुने पुस्तक विलीनीकरणाच्या वेळी ग्वाल्हेरला गेले असल्याने सध्याच्या कर्मचाऱ्यांस हे ठाऊक नसावे. सबब मौक्यावरील माप चुकीचे असून फेरमोजणी व्हावी.’ आणि खाली पेन्सिलीनं, ‘वसंताची यादी लागेपर्यंत थांबावे.’

मी तो कागद तीनदा वाचला. काकू पाट ओढून समोर बसल्या होत्या. मी विचारलं, यादी लागल्यावर तरी का नाही पाठवला. काकू म्हणाल्या, “काढला होता एकदा. तुला मुलगी सांगून आली तेव्हा, आठवतं? तिच्या घरच्यांना तू इथेच घेऊन आला होतास. त्यांच्यापुढे तू ती गोष्ट सांगितलीस, गुरूच्या घराचं मापसुद्धा कमी लिहिलं म्हणून. किती रंगवून सांगितलीस. सासऱ्यानं त्यावरच हो म्हटलं. ते लोक गेल्यावर ह्यांनी परत घडी घातली.”

मला ती दुपार चांगली आठवते. ती गोष्ट मी कुठे कुठे सांगितली असेल याला गणती नाही. लग्नकार्यात सांगितली, नव्या उमेदवारांना सांगितली. तुमच्या घरी, तुमच्या देखत, काकूंनी केलेले पोहे खात सांगितली. तुम्ही मान हलवत ऐकत होतात.

शंका मला कधी आलीच नाही असं म्हणू का? आली होती. दोनदा. एकदा पाहणीहून परत येताना, शिपाई म्हणाला की नानासाहेब स्वतः मोजत असते तर भिंतीपासून धरलं असतं, आणि मी त्याला उगी राहा म्हटलं. दुसऱ्यांदा, काही वर्षांनी, तशीच पट्टी असलेलं दुसरं घर आलं तेव्हा. त्या वेळी मी काही विचार न करता टेप भिंतीला लावला. तिथे मला माझा प्रामाणिकपणा कुणाला दाखवायचा नव्हता.

मी तुमच्यावर रागावलो आहे, नाना. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ज्यानं मला एका भिंतीसाठी पाच वेळा मोजायला लावलं, त्यानं स्वतःच्या दारात चुकीच्या आकड्याला ‘लिही’ म्हणावं? तुम्ही गप्प राहिला असतात तर मी पुन्हा मोजलं असतं. अधिकाऱ्यांपुढे फजिती झाली असती, कदाचित नोकरी गेली असती, मी कुठेतरी शाळेत मास्तर झालो असतो. तुम्ही खालच्या खोलीत राहिला असतात. सकाळी रिक्षानं घाटावर गेला असतात. मला न विचारता तुम्ही हा सौदा केलात, आणि वर दोन वर्षं माझ्या हातचं पाणी डोक्याला लावत राहिलात. मी एवढ्या मोलाचा नव्हतो. अजूनही नाही. घर चाललं, दोन मुली झाल्या, आणि ते सगळं त्या चार इंचांवर उभं आहे हे आता मला रोज जेवताना आठवतं. ताटावर बसलं की आधी तुम्ही आठवता. याला उपकार म्हणायचं तर म्हणतो. पण तुम्ही मला हे जड करून ठेवलंत.

तर, गुरुवारी मी ती ओळ लिहिली. ‘प्रथम पाहणीतील माप खाली सही करणाराने चुकीच्या जागेपासून घेतले. मोकळी जागा नियमाप्रमाणे पूर्ण होती. अर्जदार सवलतीस पात्र होते. चूक सर्वस्वी माझी.’ सही केली, तारीख टाकली, तुमचा न पाठवलेला कागद मागे जोडला आणि फाईल साहेबांकडे पाठवली. दुपारभर मी बोलावण्याची वाट बघत होतो. मला वाटलं होतं, जाब विचारतील, जबाब घेतील, निदान तुमचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेईल.

संध्याकाळी फाईल परत आली. माझ्या ओळीखाली त्यांच्या हिरव्या शाईत लिहिलेलं होतं, ‘अर्जदार मयत. आता दुरुस्तीचे प्रयोजन नाही. बंद करावे.’ घरी निघताना साहेब माझ्या टेबलाशी थांबले. माणूस वाईट नाही. म्हणाले, “वसंतराव, अब किसके लिए?” आणि छत्री उचलून गेले.

काकूंच्या नावानं नवा अर्ज करता येईल का, हेही मी बघितलं. येतो. त्यांचे गुडघे गेलेलेच आहेत. फॉर्म भोपाळहून मागवावा लागेल आणि त्याला आधीच्या पाहणीची नक्कल जोडावी लागेल, म्हणजे पहिल्या पानावर पुन्हा तेच नऊ फूट आठ इंच. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मला नको रे बाबा ती खोली, मी कुठे जाणार आहे खाली.

फाईल मी बंद केली. ‘अर्जदार मयत’ हे दोन शब्द तुमच्यासारख्या ठळक, सरळ अक्षरात लिहिले, हे तुम्हाला आवडलं असतं.

तिथून मी तडक तुमच्याकडे आलो. टेप घरून सकाळीच पिशवीत टाकून आणला होता, धूळ पुसून. लीलारामला टोक धरायला सांगितलं, पट्टीवर नाही, भिंतीला, घट्ट. त्यानं दोन्ही हातांनी धरलं. चुना आता कुठेच राहिलेला नाही. त्याच्या बायकोनं सडा घालून घालून सगळं धुऊन काढलंय. मी रस्त्याच्या कडेपर्यंत टेप ओढला, वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. काकू गॅलरीत आल्या होत्या. त्यांनी वरून विचारलं, “किती भरलं?” मी सांगणार तोच म्हणाल्या, “तिथून नको. वर येऊन सांग.”

मी अठरा पायऱ्या चढून वर आलो. तुमची खाट अजून जागची हलवलेली नाही, नुसती गादी गुंडाळून ठेवलीय. मी खाटेपुढे उभा राहिलो आणि दफ्तरात वाचायचो तसा मोठ्यानं आकडा वाचला.

“दहा फूट, नाना. पुरे दहा.”

खिशातून पेन्सिल काढली होती. कागदही होता. मी थांबून राहिलो, पण तुमचं ‘लिही’ काही आलं नाही.